कोरा जोड

पाण्याला जोर नव्हता. कुंडलिकनं शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारली, तलावाच्या काठावर पालथं पडून हात पाण्यात घातला आणि भिंतीतल्या गोल तोंडासमोर तळवा धरला. तिथून पंपाच्या पाण्यानं हात ढकलून द्यायला हवा होता. त्याऐवजी ते नुसतं हाताला चाटून जात होतं, आणि मधूनच बुडबुड्यांचा एक पुंजका बोटांतून गुदगुल्या करत वर निघून जात होता. त्याच्या डोक्याशी चांगदेव उभा होता. त्याचे पॉलिश केलेले बूट कुंडलिकला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते. "काय म्हणतंय?" चांगदेवनं विचारलं.  कुंडलिकला बरं वाटलं होतं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरत जावं, तसं ते बरं वाटणं आत उतरत होतं आणि थांबत नव्हतं. चांगदेवनं बांधलेल्या तलावाला दम नव्हता. हे बरं वाटणं तोंडावर दिसेल या धास्तीनं तो गरजेपेक्षा जास्त वेळ तसाच पालथा पडून राहिला.

तलाव भगवंतरावांचा होता. येडगाव धरणाच्या पाण्याला लागून त्यांची द्राक्षांची बाग होती. बागेच्या कडेला त्यांनी चार खोल्या काढल्या, पुण्या-मुंबईच्या लोकांनी शनिवार-रविवार यावं, हुरडा खावा, बैलगाडीत बसावं, म्हणून. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात खोल्यांपुढे हा पोहण्याचा तलाव झाला. म्हातारा हौशी आणि मनाचा मोठा. आठवड्याचे पाच दिवस तलाव रिकामाच असतो, म्हणून सकाळी सहा ते आठ त्यांनी तो शाळेतल्या पोरींना मोकळा करून दिला. आठ पोरी यायच्या, आणि त्यांत कुंडलिकची श्रेया होती. दिवाळीनंतर पुण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. तोवर विहिरीत आणि कॅनॉलमध्ये हातपाय मारलेल्या त्या पोरींना पहिल्यांदाच तळाशी काळ्या पट्ट्या आखलेलं सरळ पाणी मिळालं होतं. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. पावसाळा सरता सरता पंप कुरकुरायला लागला, तलावाच्या कोपऱ्यात पाणी हिरवट दिसायला लागलं, आणि एके सकाळी श्रेया लालभडक डोळे घेऊन घरी आली. पाणी फिरत नव्हतं, म्हणून गाळलं जात नव्हतं, म्हणून भगवंतरावांचा गडी त्यात ओंजळी-ओंजळीनं औषध ओतत होता. दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी पोरींचं पोहणं बंद केलं आणि बांधणाऱ्याला फोन लावला. बांधणाऱ्यानं कुंडलिकला लावला.

नेहमी असंच व्हायचं. वारूळवाडीत रस्त्याकडेला कुंडलिकचं मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं, आणि चांगदेव जे काही बांधेल त्याचं पाण्याचं काम तिथं यायचं. बंगला असो, मंगल कार्यालय असो, चांगदेव घरमालकासमोर मोठ्यानं म्हणायचा, "पाण्याचं समदं कुंडलिककडं. त्यात आपण बोट घालत न्हाई." लोकांना वाटायचं केवढी ही दोस्ती. साधनाला, कुंडलिकच्या बायकोलाही तसंच वाटायचं. "चांगदेवभाऊ आहेत म्हणून," असं ती वाक्य सुरू करायची, आणि पुढचं वाक्य कुंडलिकला ऐकू यायचं बंद व्हायचं. चांगदेव होता म्हणून दुकान होतं, हे खरंच होतं. पण खरी गोष्ट रोज कुणी ताटात वाढू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मुळात चांगदेवला पाण्यापाशी आणलं कुणी? तो आण्याच्या कोरड्या पठारावरचा. हायस्कुलाला मावशीकडे वारूळवाडीत राहायला आला, तेव्हा कॅनॉलच्या पुलावर तो तासभर नुसता उभा राहायचा. एवढं पाणी कुठं जातं, विचारायचा. कुंडलिकनं त्याला आपल्या विहिरीवर नेला, पाठीला रिकामा डबा बांधला, पोटाखाली हात धरला. चांगदेवनं पायरीची कड काही सोडली नाही. सगळा उन्हाळा गेला, डबा चेपला, पण बोटं सुटली नाहीत. आजही त्याला पोहता येत नव्हतं. पुढे शाळा सुटली आणि कुंडलिकनं बागायतदारांच्या पाइपलाइनी टाकायला घेतल्या, तेव्हा पहिली तीन वर्षं चांगदेव त्याच्या हाताखाली होता. फरक एवढाच पडत गेला, की कुंडलिक चरात उतरायचा आणि चांगदेव चराच्या काठावर मालकाशी बोलत उभा राहायचा. चरातून वर बघितलं की आभाळ दिसायचं आणि आभाळात चांगदेवचं हसणारं तोंड. मग एका मालकानं त्याला गोठा बांधायला दिला. दुसऱ्यानं घर. पंधरा वर्षं झाली. कुंडलिक अजून चरातच होता.

"डिझाइनच चुकलंय," पाण्यातून हात काढून उठत कुंडलिक म्हणाला. भगवंतराव काठी टेकत जवळ आले होते, आणि ते पुरते जवळ येईपर्यंत तो थांबला होता. "पंप पाण्याच्या वरच्या अंगाला घेतलाय, तो बी तीस फूट लांब. एवढ्या लांबून वर वढायचं म्हंजे त्याची छाती फुटणारच."

"अहो, पण आवाज नको म्हणून लांब ठेवा असं मीच सांगितलं होतं," भगवंतराव म्हणाले.

"तुमी सांगाल हो. बांधणाऱ्याला कळाय पायजे."

चांगदेवनं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर कुंडलिकला आणखी बरं वाटलं असतं. "असंल," तो म्हणाला. "पण मग तीन महिनं कसा चालला, राव?" आणि त्यानं कुंडलिककडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं, ते कुंडलिकला तेव्हा कळलं नाही. म्हणजे कळलं, पण त्यानं ते कळून घेतलं नाही.

मग दिवस जायला लागले. पंपाच्या तोंडाशी केर अडवायची टोपली असते, तिच्या झाकणाचं रबर कुंडलिकनं बदललं. फरक नाही. वाळूचा फिल्टर उलटा धुतला. फरक नाही. मग म्हणाला, मोटार लहान पडते. चांगदेवनं दोन दिवसांत पुण्याहून मोठी मोटार आणून दिली, हूं की चूं न करता. मोठ्या मोटारीनं पाणी वाढलं नाही, बुडबुडे मात्र दुपटीनं आले. कुंडलिक पंपाच्या खोलीत उकिडवा बसून त्या खडखडीकडे कान लावायचा. वीस वर्षं त्यानं पंप ऐकले होते. पंप असा खडखडला, रात्रभर थांबून सकाळी कोरडा पडला, की वारूळवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल की हा हवा खातोय, वढायच्या लाइनीला कुठंतरी जोड सुटलाय. ही लाइन दोन्हीकडून बंद करायची, आत दाबानं पाणी भरायचं, आणि दाबाच्या घड्याळाचा काटा खाली येतो का बघायचं. अर्ध्या तासाचं काम. ते त्यानं पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आठवा दिवस गेला, दहावा गेला, तरी ते सोडून तो बाकी सगळं करत होता. आणि घरी श्रेया विचारायची, "झालं का?" आणि तो "बघतोय" म्हणायचा, आणि ती आईला सांगायची, "चांगदेवकाका म्हणालेत दोन दिवसांत होईल. काका करतील." पंपाचा माणूस ताटावर बसलेला असायचा. पोरीच्या तोंडी काका.

लाइन कुणी टाकली होती, हे त्याला पाठ होतं. त्यानंच. एकट्यानं, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, भगवंतराव तेव्हा मुंबईला मुलाकडे होते आणि बांधकामावर सुट्टी होती. श्रेया डबा घेऊन त्याच्याबरोबर आली होती. तो पंपाच्या खोलीजवळच्या वळणावर पोचला होता. पाइप कापला, टोकापासून दोन बोटांवर पेन्सिलीची खूण केली, वळणाच्या तुकड्यात, एल्बोत, तो कोराच घालून माप बघितलं. माप बरोबर होतं. आता पाइप बाहेर काढायचा, चिकटवायचं सोल्युशन लावायचं, पुन्हा घालायचा. डब्याचं झाकण उघडलेलं होतं, तो उग्र वास नाकात होता, ब्रश हातात होता. तेवढ्यात चांगदेवची जीप आली. तो नकाशाचा निळा कागद घेऊन उतरला आणि सरळ श्रेयाकडे गेला. "ये, तुला तुझी जागा दाखवतो." तिला हाताला धरून तो कोरड्या खड्ड्यात उतरला. हितं खोल, हितं उथळ, हितनं तू उडी मारणार, हितं भिंतीला पाय लावून वळणार. ज्याला पोहता येत नाही तो माणूस त्याच्या मुलीला पोहायला शिकवत होता, आणि ती त्याच्यामागून त्या कोरड्या खड्ड्यात हात फिरवत चालत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हसत होती. ते हसू कुंडलिकनं कधी ऐकलं नव्हतं. विहिरीत तिच्या पोटाखाली त्यानं हात धरला होता, तिचे पहिले सुटलेले दोन हात त्यानं बघितले होते. तेव्हा ती घाबरून त्याला बिलगली होती. हसली नव्हती. चरात उभा राहून तो ऐकत राहिला. किती वेळ, माहीत नाही. मग त्याला आठवतो तो पुढचा जोड, त्याच्या पुढचा, आणि संध्याकाळी माती ओढणं. मधल्या त्या एका जोडाचं काही आठवत नाही. ब्रश वाळून कडक झाला होता, तो त्यानं दगडावर आपटला होता, एवढं आठवतं. तो विसरला होता का? रात्रीच्या झोपेत आणि दिवसाच्या कामात तो स्वतःला हेच विचारायचा. विसरला असला तर ती चूक होती. पण माती लोटताना त्या वळणाशी त्याचा हात क्षणभर थांबला होता की काय, असं त्याला आता वाटायचं. थांबला होता आणि मग लोटलीच होती. हे खरंच झालं होतं की मन नंतर रचत होतं, ते सांगणारं कुणी नव्हतं.

सतराव्या दिवशी, रविवारी सकाळी, चांगदेव पंपाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात दाब मोजायचं घड्याळ होतं आणि दोन बुचं. बूट नव्हते, पायात रबरी चपला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "कुंडलिक," तो म्हणाला, "लाइन दाबून बघू."

"त्यात काय न्हाई."

"नसू दे. बघू."

दोघांनी मिळून लाइन बंद केली. कितीतरी वर्षांनी ते असे एका कामावर समोरासमोर बसले होते. चांगदेवचा हात अजून बसलेला होता. बूच आवळताना त्यानं पान्याला घातलेला झटका कुंडलिकनंच त्याला शिकवला होता. पाणी भरलं, काटा वर गेला. भगवंतराव खुर्ची टाकून बसले होते. आठपैकी पाच-सहा पोरी कुठूनतरी बातमी कळून सायकली मारत आल्या होत्या, त्यांत श्रेया होती. सगळे त्या एवढ्याशा काट्याकडे बघत होते. काटा थरथरला आणि खाली यायला लागला, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा.

"आता कुठं खणायचं?" भगवंतराव म्हणाले. "तीस फूट फरशी आहे. सगळी काढायची?"

चांगदेवनं पहार उचलली आणि कुंडलिकच्या हातात दिली.  कुंडलिकच्या मनात आलं, तलावाकडून सुरुवात करू. एकेक फरशी काढू. दोन दिवस काढू, चांगदेवचं केलेलं सगळं उखडू, मग कुठंतरी मध्येच तो जोड सापडेल, आणि तेव्हा तो सापडल्यासारखा सापडेल. हे सगळं तो विचार करत असताना त्याचे पाय चालत गेले होते. खोलीजवळच्या वळणावर, भिंतीपासून हातभरावर, तो उभा होता आणि पहार फरशीच्या सांध्यात घुसली होती. मागं वळून बघायची त्याला छाती झाली नाही. इतकी नेमकी जागा कुणाला माहीत असते, हे भगवंतरावांना कळलं नसेल. चांगदेवला कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

हातभर खाली पाइप लागला. माती ओली लगदा झाली होती. कुंडलिकनं बोटांनी ती बाजूला केली. पावसानं जमीन खचून पाइप एल्बोतून बोटभर मागे सरला होता, आणि पेन्सिलीची खूण बाहेर, अगदी ताजी. सोल्युशनचा एक थेंब नाही. त्यानं पाइप नुसता धरला तर तो हातात निघून आला.

भगवंतराव वाकून बघत होते. "हे काय? चिकटवलंच नाही?" त्यांचा आवाज चढला. "सतरा दिवस आम्ही मोटारी बदलतोय, पोरी घरी बसल्यात! कुणी केलंय हे?"

"चूक माझीय," चांगदेव लगेच म्हणाला. इतका लगेच, की त्याची तयारी आधीपासून होती हे कुंडलिकला कळलं. "कामावर तवा कुणीतरी गडी व्हता, त्यानं घाईत केलं असंल. पण लाइन दाबून बघायची जबाबदारी माझी. मी बघितली न्हाई. तुमी मला बोला."

भगवंतराव त्याला बोललेही. चांगदेव मान खाली घालून ऐकत होता, आणि खाली घातलेली ती मान कुंडलिकला असह्य होत होती. त्याला वाचवलं जात होतं. पोरींच्या देखत, श्रेयाच्या देखत, चांगदेव पुन्हा मोठा होत होता. सुटण्याची वाट समोर मोकळी होती. फक्त गप्प राहायचं होतं. सोल्युशन लावायचं, पाइप बसवायचा, घरी जायचं. आणि मग जन्मभर चांगदेवकडे हेही असणार होतं. त्यानं घरं घेतली, माणसं घेतली, पोरीचं हसू घेतलं, आणि आता त्याची चूकसुद्धा उचलून आपल्या अंगावर घालून घेत होता, आणि ती त्याला शोभून दिसत होती. आणि कुंडलिक कोण? कुणीतरी गडी. घाईत करणारा.

"गडी न्हवता कुणी," कुंडलिक म्हणाला. त्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "तो जोड मी केलाय. समदी लाइन मीच टाकलीय, एकट्यानं. माझा जोड हाये तो."

भगवंतराव त्याच्याकडे बघत राहिले.  "असं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मग आता नीट करा." ते खुर्चीकडे परत गेले.

चांगदेव खाली बसला. त्याच्या तोंडावर कुंडलिकनं कधी न बघितलेलं काहीतरी होतं. हातातली वस्तू कुणी हिसकावून घ्यावी तसा तो दिसत होता. "मला ठाऊक व्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पयल्या दिवशी तू रबर बदललंस तवाच. मी मिटवत व्हतो ना? कशाला बोललास?"

"माझं हाये म्हणून."

"म्हंजे?"

कुंडलिकनं पाइपाचं टोक चिंधीनं पुसलं, घासलं, सोल्युशन लावलं, आणि पाइप एल्बोत घालून अर्धा वळसा देऊन दाबून धरला. तीसपर्यंत आकडे मोजले. चांगदेव उठून गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज त्यानं ऐकला. नेहमीसारखा हॉर्न मात्र वाजला नाही. दुपारी पंप चालू केला तेव्हा बुडबुडा एक नव्हता. पोरी काठावर ओळीनं पालथ्या पडून त्या गोल तोंडांसमोर हात धरत होत्या आणि ओरडत होत्या. श्रेया त्यांच्यात नव्हती. ती फाटकाशी, मोटारसायकलला टेकून उभी होती.

तिनं सायकल मैत्रिणीकडे दिली होती आणि ती मागे बसली. येडगावचा रस्ता मागे पडला. त्याच्या कमरेला तिचा हात नव्हता, मागच्या कड्याला धरून बसली होती. उसाच्या दोन पट्ट्यांमधून जाताना ती म्हणाली, "तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं का, पप्पा?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. "व्हतं."

"मग सतरा दिवस का थांबलात? माझी प्रॅक्टिस गेली ना."

त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. तो उतरला नाही, मागे वळला नाही, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला, कारण वळला असता तर बोलता आलं नसतं. "मला चांगदेवचा हेवा वाटतो," तो म्हणाला. "लई वाटतो. आज न्हाई, ल्हान व्हतो तवापासनं. त्याचं काय बिघडलं की मला बरं वाटतं."

आता ही रडेल, किंवा उतरून चालायला लागेल, असं त्याला वाटलं. आईला सांगेल. उद्या चांगदेवला सांगेल. 

"मला प्राचीचा वाटतो," श्रेया म्हणाली.

"कोण प्राची?"

"आमच्यात आहे एक. रोज माझ्याआधी पोचते. हातभर. मी कितीपण जोर लावला तरी हातभर. परवा ती आजारी पडली ना, तेव्हा मला पण..." ती थांबली. "बरं वाटलेलं."

कुंडलिकनं आता मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते. हनुवटी पुढे आलेली होती, आणि ती हनुवटी त्याची होती. इतकी वर्षं साधनाची आहे असं सगळे म्हणत आले होते.

"मग तू काय करतीस?" त्यानं विचारलं. खरोखर विचारलं, ज्याला माहीत आहे त्याला विचारावं तसं.

"काय करणार?" ती म्हणाली. "सर तिच्याच शेजारची लेन देतात. पोहायचं."